पिंग जातोय, पण नाव लागत नाही

१५ जुलै २०२५ च्या पहाटे ३ वाजून २२ मिनिटांनी १.१.१.१ हा इंटरनेटवरचा पत्ता जगाच्या नकाशावरून पुसला गेला. ४ वाजून २४ मिनिटांपर्यंत, म्हणजे तब्बल ६२ मिनिटं, तो जवळपास कुठेच सापडत नव्हता. कल्याणजवळच्या शहाडमध्ये त्या वेळी जागं कोण असणार? सेंच्युरी रेयॉनची रात्रपाळी, परदेशी कंपन्यांची कामं घरून करणारी मंडळी आणि पहाटेची लोकल गाठायला उठलेले. यांतल्या ज्यांनी हौसेने राउटरमध्ये १.१.१.१ टाकून ठेवला होता, त्यांचं नेट गेलं. राउटरवर लाल दिवा नाही, केबलवाल्याची फायबर शाबूत, वायफायची खूण भरलेली, आणि तरी एक साइट उघडेल तर शपथ. शेजारच्या घरात ज्याने कधी कुठल्या सेटिंगला हातच लावला नव्हता, त्याचं सगळं सुरळीत.

ही चूक १.१.१.१ चालवणाऱ्या क्लाउडफ्लेअर या अमेरिकी कंपनीची होती आणि तिने ती दडवली नाही. ६ जूनलाच तिच्या यंत्रणेत एक चुकीची नोंद झाली होती. अजून वापरात न आलेल्या एका सेवेच्या यादीत १.१.१.१ चे पत्ते भलतेच जाऊन बसले होते. महिनाभर काही बिघडलं नाही. मग त्याच सेवेत चाचणीसाठी एक ठिकाण वाढवलं गेलं, जुनी नोंद जागी झाली आणि जगभरच्या केंद्रांनी हे पत्ते जाहीर करणं एकदम थांबवलं. याच काळात १.१.१.० पासूनचा पत्त्यांचा गट टाटा कम्युनिकेशन्सच्या भारतातल्या जाळ्यातून जाहीर होताना दिसला. बंद पडण्याचं कारण ते नव्हतं, पण खरा मालक गप्प झाल्यावर दुसऱ्याचा आवाज ऐकू यायला लागला. हा मुद्दा पुढे लागणार आहे.

१.१.१.१ नेमकं काय करतो हे कळायला आधी डीएनएस समजून घ्यावं लागतं. डीएनएस म्हणजे डोमेन नेम सिस्टिम. माणूस नाव लक्षात ठेवतो आणि यंत्राला आकडे लागतात. मधला व्यवहार ती पाहते, हे सगळीकडे वाचायला मिळतं. क्वचितच सांगितलं जातं ते हे, की सगळी नावं माहीत असलेला सर्व्हर जगात एकही नाही. ‘मु. पो. टिटवाळा, ता. कल्याण, जि. ठाणे’ हा पत्ता टपाल खातं शेवटून वाचतं : आधी जिल्हा, मग तालुका, मग गाव. डोमेनचं नावही तसंच मागून वाचलं जातं. कल्याण-डोंबिवली महापालिकेची साइट आहे केडीएमसी डॉट गव्ह डॉट इन. शोधणारा सर्व्हर आधी मूळ म्हणजे रूट सर्व्हरला विचारतो. रूट म्हणतो, मला केडीएमसी ठाऊक नाही, पण ‘इन’ची वही कुणाकडे आहे ते सांगतो. ‘इन’वाला ‘गव्ह डॉट इन’कडे बोट दाखवतो आणि तिथून पुढे केडीएमसीची नोंद जिथे आहे तिथवर पोहोचता येतं. आलेला आकडा शोधणारा ठरावीक मुदतीपर्यंत स्वतःजवळ ठेवतो, म्हणजे पुढच्या माणसासाठी हीच पायपीट पुन्हा करायला नको.

म्हणजे सर्व्हरच्या जाती दोन. एक मूळ नोंद सांभाळणारा, दुसरा आपल्या वतीने हिंडून उत्तर आणणारा. दुसऱ्याला रिझॉल्व्हर म्हणतात. ८.८.८.८ आणि १.१.१.१ हे रिझॉल्व्हर. त्यांच्याकडे स्वतःची अशी मूळ वही नाही, आहे ती फिरून आणलेली उत्तरं.

या व्यवस्थेचा आराखडा पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये मांडला. त्याआधी अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइनलर यांचा गट एकच फाइल सांभाळायचा आणि जाळ्यावरचं प्रत्येक यंत्र ती उतरवून घ्यायचं. आपल्याकडे या कथेचा धागा थेट मुंबईत येतो. १९८९ मध्ये ‘डॉट इन’ची जबाबदारी जुहूच्या नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी या संस्थेकडे आली. हीच संस्था पुढे सी-डॅकमध्ये सामील झाली. त्या काळी ‘डॉट इन’ नाव मिळवणं इतकं किचकट होतं की २००५ मध्ये निक्सी या संस्थेने नोंदणी खुली केली, तोपर्यंत अशी नावं जेमतेम काही हजार होती. त्याच वर्षी मुंबई, दिल्ली आणि चेन्नईत रूट सर्व्हरच्या प्रतीही बसल्या. रूट सर्व्हरची नावं तेराच, इंग्रजी ‘ए’ ते ‘एम’ अक्षरांची, पण प्रत्येकाच्या प्रती जगभर पसरलेल्या आहेत. एकाच आकड्याच्या अनेक प्रती ठेवायच्या आणि विचारणाऱ्याला वाटेने जवळची प्रत मिळू द्यायची, या तंत्राला एनिकास्ट म्हणतात. १.१.१.१ अनेक शहरांत एकाच वेळी ‘असतो’ तो याच्याच जोरावर.

१५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने सर्वसामान्यांना इंटरनेट खुलं केलं, तेव्हापासून रिवाज असा की जोडणी ज्याची, रिझॉल्व्हरही त्याचाच. आपण काही निवडत नाही. राउटर सुरू झाला की कंपनी त्याला दोन आकडे देते आणि घरातले फोन राउटरलाच विचारतात. २००६ मध्ये ओपनडीएनएसने सगळ्यांसाठी खुला रिझॉल्व्हर काढला. गूगलचा ८.८.८.८ आला ३ डिसेंबर २००९ ला. क्वाड नाइनचा ९.९.९.९ नोव्हेंबर २०१७ मध्ये आला. घातक म्हणून माहीत असलेल्या नावांचा पत्ताच तो देत नाही. क्लाउडफ्लेअरचा १.१.१.१ सुरू झाला १ एप्रिल २०१८ ला, आणि तारखेमुळे अनेकांना ती थट्टाच वाटली. आपल्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचाही आहे, १.१०.१०.१०. (हे आकडे इथे देवनागरीत छापले आहेत, सेटिंगमध्ये भरताना अर्थात इंग्रजीत.) गंमत म्हणजे छोटे केबलवाले स्वतःचा रिझॉल्व्हर चालवण्याची कटकट टाळून ग्राहकाला थेट ८.८.८.८ देऊन टाकतात, असं सर्रास दिसतं. मग ‘मी गूगलचा डीएनएस टाकला आणि नेट पळायला लागलं’ असं सांगणाऱ्याने आधीही तोच वापरलेला असण्याची शक्यता बरीच.

आता तपासणीकडे येऊ.

सगळ्यात प्रचलित तपासणी म्हणजे पिंग. नेट अडलं की केबलवाल्याचा मुलगा लॅपटॉप घेऊन ८.८.८.८ ला पिंग मारतो, उत्तरं येताना दाखवतो आणि म्हणतो, ‘आमच्याकडून ओके आहे.’ त्याचं अर्धंच बरोबर आहे. पिंगने एवढंच कळतं की रस्ता खुला आहे आणि पलीकडे कुणीतरी आहे. तो नाव शोधून देतोय का, हे पिंगला विचारलेलंच नसतं. उलटही खरं आहे. पिंगला उत्तर देणं हे गूगलच्या या सर्व्हरचं काम नव्हे, त्यावर मर्यादाही घातलेल्या असतात. त्यामुळे काही पिंग हरवले म्हणून डीएनएस आजारी ठरत नाही.

डीएनएसची तब्येत नाव विचारूनच कळते. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये एनएसलुकअप ही आज्ञा असते. ती टाइप करून जागा सोडायची, साइटचं नाव लिहायचं, पुन्हा जागा सोडून ज्याला विचारायचं त्याचा आकडा लिहायचा आणि एंटर दाबायचं. शेवटचा आकडा गाळला तर प्रश्न नेहमीच्याच रिझॉल्व्हरकडे जातो. मॅक आणि लिनक्सवाल्यांकडे ‘डिग’ आहे आणि तो जास्त बोलका आहे. एकच नाव तीन ठिकाणी विचारा : नेहमीच्या रिझॉल्व्हरला, ८.८.८.८ ला आणि ९.९.९.९ ला. नेहमीचा गप्प आणि बाकी दोघे बोलतात, तर बिघाड तुमच्या कंपनीच्या रिझॉल्व्हरमध्ये किंवा घरच्या राउटरमध्ये. तिघेही गप्प आणि पिंगही जात नाही, तर तुटलेली फायबर शोधायला माणूस बोलवा. पिंग जातो पण तिघेही गप्प, असं असेल तर वाटेत कुणीतरी डीएनएसचे प्रश्नच अडवतोय. हे प्रश्न ५३ क्रमांकाच्या पोर्टवरून जातात आणि ऑफिस-हॉस्टेलांच्या फायरवॉलमध्ये ते दार बाहेरच्यांसाठी बंद असणं नेहमीचं.

उत्तरांच्या भाषेत लोक फार गोंधळतात. एनएसलुकअप ‘नॉन-ऑथॉरिटेटिव्ह आन्सर’ असं छापतो आणि वाचणाऱ्याला वाटतं उत्तर बोगस आहे. तसं नाही. हे मूळ वहीतून आलेलं नाही, फिरून आणलेलं आहे, इतकाच त्याचा अर्थ, आणि रिझॉल्व्हरकडून तसंच यायला हवं. ‘एनएक्सडोमेन’ म्हणजे असं नाव अस्तित्वातच नाही. हेही निरोगी सर्व्हरचं निरोगी उत्तर, बहुधा तुमचंच स्पेलिंग चुकलंय. ‘रिफ्यूज्ड’ म्हणजे सर्व्हर जिवंत आहे पण तुम्हाला दाद देत नाही. एखाद्या कंपनीचा ग्राहक नसताना तिचा रिझॉल्व्हर वापरायला गेलात तर हेच पदरी पडतं. ‘टाइम्ड आउट’ म्हणजे उत्तरच आलं नाही. विंडोज दोन सेकंद वाट पाहून तसं सांगतो.

आणि ‘सर्व्हफेल’. सगळ्यात जास्त दिशाभूल याच उत्तराने होते. रिझॉल्व्हर म्हणतो, मी हिंडलो पण उत्तर आणू शकलो नाही. दोष त्याचा असेल किंवा ज्याची वही त्याचा. ४ ऑक्टोबर २०२१ ला, सोमवारी रात्री सव्वानऊच्या सुमारास फेसबुक, व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्राम एकदम गेले आणि सहाएक तास आले नाहीत. एका चुकीच्या आज्ञेने फेसबुकचं अंतर्गत जाळं तुटलं आणि त्यांच्या मूळ नोंदी सांभाळणाऱ्या सर्व्हरकडे जाणारा रस्ताच जगासाठी नाहीसा झाला. बाकी जगातले रिझॉल्व्हर ठणठणीत होते, पण फेसबुकचं नाव विचारलं की सर्व्हफेल. फोनमधली ॲपं पुन्हा पुन्हा विचारत राहिली आणि फेसबुक-व्हॉट्सॲपच्या नावांची विचारणा १.१.१.१ वर तीसपट झाल्याचं क्लाउडफ्लेअरने नोंदवलं. त्या रात्री राउटर बंद-चालू करणाऱ्या लाखो लोकांनी दुसऱ्या एखाद्या साइटचं नाव विचारून पाहिलं असतं तर त्यांना झोप मिळाली असती. २० ऑक्टोबर २०२५ ची गोष्ट आणखी आत शिरते. नरकचतुर्दशीच्या दुपारी सव्वाबाराला ॲमेझॉनच्या अमेरिकेतल्या एका मोठ्या केंद्रात डेटाबेस सेवेची डीएनएस नोंद चक्क रिकामी झाली. तिथे सर्व्हर जिवंत होता, रस्ता खुला होता, उत्तरही येत होतं. त्या उत्तरात पत्ता मात्र नव्हता. म्हणून एकाच नावावर निकाल देऊ नये. एक मोठी परदेशी साइट, एक आपल्याकडची आणि तिसरं जाणूनबुजून खोटं, अशी तीन नावं विचारावीत.

खोटं नाव कशासाठी? विचित्र अक्षरं जोडून केलेल्या, नसलेल्या डोमेनला ‘एनएक्सडोमेन’च यायला हवं. त्याऐवजी एखादा पत्ता आला, तर चुकलेल्या नावांवर कुणीतरी जाहिरातींचं पान दाखवून पैसे काढतोय. ‘डॉट कॉम’ची वही सांभाळणाऱ्या व्हेरिसाइनने सप्टेंबर २००३ मध्ये हा उद्योग जगभर केला होता, ओरड झाल्यावर आवरता घेतला. पुढे कित्येक जोडणी कंपन्यांनी तो आपापल्या पातळीवर चालवला.

याहून चलाख तपासणी आहे ती अशी. १९२.०.२.१ हा पत्ता केवळ पुस्तकांत उदाहरण देण्यासाठी राखलेला आहे, तिथे डीएनएस सर्व्हर असूच शकत नाही. एनएसलुकअपमध्ये मुद्दाम त्याला विचारा. उत्तर न येणं हेच बरोबर. आलं, तर समजा की ५३ क्रमांकाने जाणारे तुमचे सगळे प्रश्न वाटेतच कुणीतरी गोळा करून स्वतः उत्तरं देतंय. मग तुम्ही ८.८.८.८ टाका नाहीतर ९.९.९.९, बोलणारा तोच. मार्च २०१४ मध्ये तुर्कस्तानात ट्विटर बंद झालं तेव्हा इस्तंबूलच्या भिंतींवर लोकांनी ८.८.८.८ रंगवून ठेवला होता. काही दिवसांतच तिथल्या कंपन्यांनी त्याच आकड्याच्या नावाने स्वतःचे सर्व्हर उभे केले. लोक गूगलला विचारत होते आणि उत्तर भलताच देत होता. उत्तर येणं आणि खऱ्याने उत्तर देणं यांत एवढं अंतर पडू शकतं.

त्यावर दोन उपाय निघाले. पहिला म्हणजे नोंदीवर डिजिटल सही, डीएनएसएसईसी. रूटवर ही सही जुलै २०१० पासून आहे. तुमचा रिझॉल्व्हर सही तपासतो का, हे पाहायला ‘डीएनएससेक-फेल्ड डॉट ऑर्ग’ नावाचं डोमेन मुद्दाम बिघडलेल्या सहीसह ठेवलेलं आहे. त्याला ‘सर्व्हफेल’ आलं तर रिझॉल्व्हर पास. पत्ता मिळाला तर नापास. दुसरा उपाय प्रश्नच झाकून पाठवण्याचा. ५३ ऐवजी ८५३ क्रमांकावरून, किंवा बँकेच्या साइटचा व्यवहार ज्या ४४३ वरून जातो त्याच दाराने. वाटेत कुणी ऐकू शकत नाही आणि तोतयागिरीही अवघड होते. अँड्रॉइड ९ पासून फोनमध्ये ‘प्रायव्हेट डीएनएस’ म्हणून जी सेटिंग आहे ती हीच. तिथे आकडा चालत नाही, ‘डीएनएस डॉट गूगल’ असं नाव भरावं लागतं.

या सेटिंगचा फटका मात्र स्टेशनवर बसतो. जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रलला रेलटेलचं मोफत वायफाय सुरू झालं आणि मग ते उपनगरी स्टेशनांवर पसरलं. अशा वायफायला जोडलं की आधी मोबाइल नंबर आणि ओटीपीचं पान यावं लागतं. ते पान आणण्यासाठी वायफायवाला आपला डीएनएस वापरतो. फोन हट्टाने झाकलेला प्रश्न गूगलकडेच पाठवू पाहतो, ओटीपीआधी बाहेरचा रस्ता बंद असतो, आणि फोन सांगतो : जोडलेलं आहे पण इंटरनेट नाही. मॉल, विमानतळ, हॉटेल, सगळीकडे हीच रड. ‘प्रायव्हेट डीएनएस’ तेवढ्यापुरता ‘ऑटोमॅटिक’वर टाकला की पान येतं.

वेगाबद्दल थोडं. काचेच्या तंतूतून प्रकाश एका मिलिसेकंदात साधारण २०० किलोमीटर जातो. शहाडहून मुंबई रेल्वेने पन्नास-साठ किलोमीटर, आणि ऐरोली-महापेचा डेटा सेंटरांचा पट्टा त्याहून जवळ. म्हणजे जाण्यायेण्याचा खरा खर्च एक मिलिसेकंदही नाही, बाकी वेळ राउटर आणि कंपनीच्या यंत्रणेत जातो. डिगमध्ये ‘क्वेरी टाइम’ दिसतो. तेच नाव लगोलग दोनदा विचारा. पहिल्यांदा जास्त आणि दुसऱ्यांदा कमी आला, तर पहिला आकडा पायपिटीचा आणि दुसरा साठवणीतल्या उत्तराचा. दोन्ही वेळा पन्नास-साठ मिलिसेकंदांच्या वर येत असतील तर प्रश्न मुंबईला न थांबता सिंगापूरपर्यंत जात असल्याचा संशय घ्यावा. क्लाउडफ्लेअरच्या बाबतीत तो पडताळताही येतो. ब्राउझरमध्ये १.१.१.१ नंतर तिरकी रेघ, ‘सीडीएन-सीजीआय’, पुन्हा तिरकी रेघ आणि ‘ट्रेस’ लिहिलं की काही ओळी येतात. त्यात ‘कोलो’पुढे विमानतळाचं तीन अक्षरी चिन्ह असतं. शहाडहून तिथे मुंबईचं बीओएम यायला हवं. हे पान नावाने नव्हे तर आकड्याने उघडतं, त्यामुळे डीएनएस मेलेला असतानाही पाहता येतं, हा जास्तीचा फायदा.

तरी सार्वजनिक रिझॉल्व्हर टाकला की नेट वेगवान होतं, या जाहिरातबाजीवर माझा फारसा विश्वास नाही. सिनेमा पाहताना नाव एकदा विचारलं जातं, पुढचा दोन तासांचा ओघ डीएनएसला शिवतही नाही. कधी कधी तर नुकसानच होतं. मोठ्या व्हिडिओ कंपन्या विचारणारा रिझॉल्व्हर कुठे आहे ते पाहून जवळचं केंद्र देतात आणि जोडणी कंपनीच्या जाळ्यातच त्यांचा साठा ठेवलेला असेल तर तिचाच रिझॉल्व्हर तिथे नेमका पोहोचवतो. गूगल तुमच्या पत्त्याचा काही भाग पुढे कळवून ही उणीव भरून काढतो, क्लाउडफ्लेअर खासगीपणाच्या कारणाने कळवत नाही. तुम्ही कुठकुठल्या साइटवर गेलात याची यादी रिझॉल्व्हरला दिसतेच, फक्त ती कुणाला दिसावी हे तुम्ही ठरवता. मला विचाराल तर बदल करावा तो विश्वासार्हतेसाठी : कंपनीचा रिझॉल्व्हर वारंवार झोपत असेल, खोट्या नावांना जाहिराती दाखवत असेल किंवा सही तपासत नसेल तर.

बदललाच, तर दुसऱ्या रकान्यात काय भरता याकडे लक्ष द्या. १५ जुलैच्या पहाटे पहिला १.१.१.१ आणि दुसरा १.०.०.१ भरणाऱ्यांचे दोन्ही गेले, कारण दोन्ही एकाच घरचे. दुसरा रकाना वेगळ्या संस्थेचा हवा. पहिला १.१.१.१ ठेवलात तर दुसरा ८.८.८.८. त्यात एक मेख आहे. पहिला बंद पडल्यावरच दुसऱ्याला विचारलं जातं असं नाही, कित्येक यंत्रं दोघांकडेही मनाला येईल तसं जातात. त्यामुळे मुलांसाठी घातक साइट गाळणारा रिझॉल्व्हर पहिल्या रकान्यात आणि साधा दुसऱ्यात ठेवला, तर चाळणीला भोक पडलंच म्हणून समजा. तिथे दोन्ही आकडे चाळणीचेच हवेत.

राउटरमध्ये बदल करण्याआधी जुन्या आकड्यांचा फोटो काढून ठेवा. शहाडहून रोज ऐरोली किंवा ठाण्याला ऑफिस गाठणाऱ्यांनी कंपनीच्या लॅपटॉपमध्ये मात्र हात घालू नये. हजेरीची साइट, फाइलींचा सर्व्हर, प्रिंटर ही नावं फक्त ऑफिसच्या डीएनएसला ठाऊक असतात. ८.८.८.८ ला ती विचारली की तो प्रामाणिकपणे ‘एनएक्सडोमेन’ म्हणतो आणि सोमवारी सकाळी आयटीवाल्यांकडे तक्रार जाते की घरून सर्व्हर बंद दिसतोय.